रेनेसाँ मेळ्याचा पोशाख: आधी आतला थर, मग वरचं कापड

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता. ऑक्टोबरमध्ये टॉड मिशनच्या टेक्सस रेनेसाँ फेस्टिव्हलला, म्हणजे जुन्या युरोपातलं जगणं उभं करणाऱ्या मेळ्याला, स्वतः शिवलेल्या पोशाखात जायचंय आणि हातात आठ आठवडे आहेत. ब्लाउज, पंजाबी ड्रेस तुम्हाला शिवता येतो. दुकानातला तयार पॅटर्न आणून सॅटिनचा बॉडिस, म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंतचा घट्ट वरचा भाग, शिवून पाहिलात, पण पोटावर आडव्या वळ्या पडतात, खांद्याच्या पट्ट्या घसरतात आणि पुढची दोरी ओढली की ती ओवायच्या भोकांची धातूची आयलेट, म्हणजे कड्या, कापडातून निघून येतात. आता बॉडिस ताठ राहावा म्हणून आत प्लास्टिकच्या पट्ट्या घालाव्यात का, कापड कोणतं आणि किती घ्यावं, भारतातून आणलेली खादी चालेल का आणि शिवलेल्या बॉडिसचं काय करावं, असे तुमचे प्रश्न आहेत.

प्लास्टिकच्या पट्ट्यांनी हे सुटणार नाही. ज्या बॉडिसचं माप चुकलंय त्यात पट्ट्या घातल्या, तर तेच चुकलेलं माप ताठ होतं आणि वर बरगड्यांना टोचतं. तुमची खरी अडचण अशी की तुम्ही सगळ्यात वरच्या कापडापासून सुरुवात केलीत. सोळाव्या शतकातला पोशाख आतून बाहेर बांधत आणलेला असतो. अंगाला आकार देण्याचं काम आतला जाड, न ताणणारा थर करतो, वरचं कापड फक्त त्याच्यावर बसतं. तुमच्या बॉडिसमध्ये तो थरच नाही, म्हणून सगळा ताण एकट्या सॅटिनवर आला.

दुसरं कारण पॅटर्नमध्ये आहे. दुकानातल्या पॅटर्नमध्ये हालचालीसाठी छातीला सहसा पाच-सात सेंटीमीटर सैलपणा धरलेला असतो. दोरीने आवळायच्या बॉडिसला तो नकोच असतो. सैल कापड दोरीने ओढलं की ते जाणार कुठे? पोटावर वळ्या होऊन बसतं. शिवाय अमेरिकन पॅटर्नमध्ये शिलाईची माया, बहुतेक ५/८ इंच म्हणजे १.६ सेंटीमीटर, आधीच धरलेली असते. आपल्या सवयीने वर आणखी माया सोडली असेल, तर दर शिवणीला तेवढी भर पडली. पाकिटावरचा साइझ-नंबर तयार कपड्यांच्या नंबराशी जुळत नाही, तेही तपासा. तयार कपड्याचं माप पॅटर्नवरच छापलेलं असतं, ते पाहा.

आता काय शिवायचं ते नक्की करू. हे मेळे अमेरिकेत १९६३ साली लॉस एंजेलिसला सुरू झाले, टेक्ससचा १९७४ पासून भरतो. नुसतं पाहायला येणाऱ्यांवर पोशाखाचं बंधन नसतं, त्यामुळे कुठला काळ निवडायचा हे तुमच्या हातात आहे. राणीच्या दरबारातला पोशाख पहिल्या वर्षी घेऊ नका. त्याला घेरदार सांगाडा लागतो, नेसवायला माणूस लागतं आणि टेक्ससच्या दमट उन्हात तो सहन होत नाही. मी नवशिक्यांना १५६० च्या दशकातली, आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पची बाजारातली बाई सुचवते. योआकिम ब्युकेलार या चित्रकाराने भाजीवाल्या, कोळणी, कोंबड्या विकणाऱ्या बायका खूप बारकाईने रंगवल्यात. १५६९-७० मधली पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी या चार तत्त्वांवरची त्याची चार मोठी चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत आणि संकेतस्थळावर मोठी करून पाहता येतात. त्या बायका वाकतात, ओझी उचलतात, बाह्या वर सारून काम करतात. कपडे पुढून बंद होतात, म्हणजे एकटीला घालता येतात. शिवाय, हे फार महत्त्वाचं, त्यात वेगळी कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ आतली चोळी, लागत नाही.

थर असे. सगळ्यात आत लिननचा स्मॉक, म्हणजे आपल्या पैरणीसारखा सरळ झगा. त्यावर कर्टल: अंगासरशी बसणारा, बिनबाह्यांचा, पुढून दोरीने आवळायचा बॉडिस आणि त्यालाच जोडलेला घेरदार घागरा. चित्रांत पुष्कळदा याच्यावर आणखी एक गाऊन असतो. तो यंदा सोडून द्या. कर्टलवर खांदे-गळा झाकणारा काळा पार्टलेट, ॲप्रन आणि डोक्याला पांढरं कापड एवढ्यावर पोशाख पूर्ण होतो.

स्मॉकपासून सुरुवात करा. हे काम अवघड नाही आणि हात बसतो. दर चौरस मीटरला १५० ते १८० ग्रॅम वजनाचं लिनन घ्या, दीड मीटर पन्ह्याचं तीन मीटर. कापायच्या आधी दोनदा गरम पाण्यात धुवा आणि ड्रायरमध्ये वाळवा. लिनन पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं आणि शिवल्यावर आटलं तर गळा-बाह्या दोन्ही हातच्या जातात. छाती ९० ते ९५ असेल तर अंगासाठी ७५ सेंटीमीटर रुंद आणि २२० लांब असा एकच सलग तुकडा घ्या. तो खांद्यावर दुमडायचा, खांद्याला शिवण नाही. उरलेल्या ७५ सेंटीमीटर रुंदीत बाकी सगळं बसतं: बाह्यांचे ४८ बाय ५५ चे दोन आयत, काखेसाठी १४ सेंटीमीटरचे दोन चौकोन आणि ३० बाय ७० चे दोन आयत तिरपे कापून निघणाऱ्या चार कळ्या. अंगाच्या दोन्ही कडांना दोन-दोन कळ्या लागतील.

शिवायचा क्रम चुकवू नका. चौकोन आधी बाहीच्या कडेला जोडा, मग बाही अंगाला, मग कळ्या आणि शेवटी बाहीच्या टोकापासून खालच्या घेरापर्यंत एक सलग टीप. बाजूची शिवण आधी घातलीत तर काखेतला चौकोन चारही बाजूंनी अडकतो आणि कोपऱ्यांत चुण्या येतात. हा चौकोन गाळायचा मोह होतो, पण तो नसेल तर हात वर करताच सबंध झगा वर ओढला जातो आणि शिवण काखेत फाटते. गळा सुरुवातीला लहान कापा, डोकं जेमतेम जाईल इतकाच. नंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही.

खादीबद्दल: सुती खादीचा स्मॉक चालेल, दिसायलाही जवळचा वाटतो. फरक एवढाच की सुती कापड घामाने ओलं झालं की अंगाला चिकटून राहतं, लिनन लवकर वाळतं. दिवसभर उन्हात फिरायचं असेल तर स्मॉकला लिननच घ्या आणि खादी कर्टलच्या अस्तराला वापरा.

आता मुख्य काम, बॉडिसचं माप. आठपैकी दोन आठवडे इथेच घालवा, असं मी आग्रहाने सांगेन. यासाठी मांजरपाटासारखं स्वस्त, न ताणणारं कापड घ्या. तुमच्याकडचाच पॅटर्न वापरता येईल, पण एक साइझ लहान कापा आणि बाजूच्या शिवणींना तीन सेंटीमीटर माया ठेवा. कमरेला इलास्टिक बांधून दोन-तीनदा डावी-उजवीकडे वाका. इलास्टिक जिथे स्थिरावेल ती तुमची खरी कंबर. जीन्सची कंबर असते त्याच्या ती बरीच वर येते. बॉडिस तिथेच संपला पाहिजे.

ब्लाउजमध्ये आपण टक्स घालून किंवा कटोरी कापून छातीला जागा करतो. इथे टक्स नाहीत. पुढचा भाग जवळजवळ सपाट असतो, छाती थोडी वर उचलली जाते आणि आकार बाजूच्या व पाठीच्या शिवणींतून आणि पुढच्या कडेच्या हलक्या बाकातून येतो. म्हणून ब्लाउजचं माप इथे उपयोगी पडत नाही. मांजरपाटाचा बॉडिस स्मॉकवर घाला, आत ब्रा नको, कारण आधार आता बॉडिसच देणार आहे. छाती जड असेल तर पहिल्या वर्षी मऊ, शिवणी नसलेली ब्रा ठेवायला हरकत नाही, पण मग सगळी मापं तीच ब्रा घालून घ्यायची. पुढे टाचण्या लावायला आणि पाठीकडे पाहायला दुसरं कोणीतरी लागेल. हे एकटीने नीट होत नाही.

पुढच्या कडा एकमेकींना टेकायला नकोत. आवळल्यावर तीन ते चार सेंटीमीटर फट राहिली पाहिजे. दोन-तीन तास घातल्यावर कापड अंगाच्या उबेने आणि घामाने सैल पडतं आणि ती फट मिटत जाते. आत्ताच कडा टेकल्या तर दुपारी आवळायला जागाच उरत नाही.

आता वळ्या वाचायला शिका. कमरेवर आडव्या वळ्या म्हणजे बॉडिस लांब आहे, तो नितंबांच्या हाडावर टेकून वर ढकलला जातोय. खालून एकेक सेंटीमीटर कापत जा. छातीपासून बाजूकडे तिरक्या वळ्या म्हणजे छातीला जागा कमी किंवा बाजूची शिवण चुकीच्या जागी, ती उसवा आणि कापड जिथे जाऊ पाहतंय तिथे जाऊ द्या. पट्ट्या घसरतात तेव्हा सगळे पट्टी आखूड करतात, आणि नुसतं तेवढ्याने भागत नाही. दोष बहुधा पट्टीच्या जागेत असतो: ती गळ्याच्या दिशेने दीड-दोन सेंटीमीटर आत सरकवा आणि पाठीकडे आणखी थोडी आत वळवा, म्हणजे दोन्ही पट्ट्या पाठीवर मानेकडे कलतील. तरी घसरली तर पाठीच्या मधोमध, गळ्याच्या कडेला बारीक चिमटा घेऊन पाहा.

मुंढ्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे जवळजवळ प्रत्येकीची चूक होते. हात हलत नाही म्हणून लोक मुंढा मोठा कापतात. परिणाम उलटा होतो. मुंढा जितका खोल, तितका हात उचलल्यावर सगळा बॉडिस वर येतो. काखेत तो उंच आणि घट्ट हवा, पुढच्या बाजूने मात्र हाताच्या सांध्याला कापेल तिथे थोडा कोरून काढायचा. हात वर करा, पुढे घ्या, खुर्चीत बसा, खाली पडलेली वस्तू उचला. या चारही हालचालींत बॉडिस जागेवर राहिला की माप झालं. मग मांजरपाट उसवून इस्त्री करा, तोच तुमचा पॅटर्न.

आता कापड. वरच्या थराला दर चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅमचं साध्या विणीचं लोकरी कापड उत्तम. ह्यूस्टनच्या उन्हात लोकर म्हटलं की दचकायला होतं, पण आत लिनन असेल तर हलकी लोकर सॅटिनपेक्षा खूप सुसह्य असते. तुमचं सॅटिन पॉलिएस्टरचं असणार, ते घाम शोषत नाही. शिवाय मेळ्यात लोहाराची भट्टी, उघड्यावरच्या चुली असतात. ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, लोकर जळून काळी पडते आणि विझते. लोकर अंगाला चालतच नसेल तर २२० ग्रॅमच्या आसपासचं जाड लिनन घ्या. रंग मंजिष्ठाचा विटकरी लाल, निळा, हिरवट, तपकिरी यांपैकी. युरोपात मंजिष्ठाच्याच घराण्यातल्या झुडपाच्या मुळांनी लाल आणि वोड नावाच्या झाडाच्या पानांनी निळा रंग करत. वोडमधला रंग आणि आपली नीळ रसायन म्हणून एकच. जांभळा आणि चमकता काळा टाळा.

आतल्या आधारासाठी ३०० ग्रॅमच्या आसपासचा सुती किंवा लिनन कॅनव्हास एक मीटर. इस्त्रीने चिकटवायचं कॉलर-बक्रम अजिबात वापरू नका. घामाने त्याचा गोंद सुटतो आणि वरच्या कापडावर फुगे येतात. कॅनव्हासचा तुकडा आणि लोकरीचा तुकडा एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घाला आणि पुढे तो एकच कापड समजून शिवा. अस्तर वेगळं, सगळ्यात शेवटी हाताने. छाती ९० ते ९५ ला एकूण दीड मीटर पन्ह्याची लोकर सव्वातीन मीटर पुरते, म्हणजे दुकानात पावणेचार यार्ड मागा. छाती ११० च्या पुढे असेल तर चार मीटर धरा.

आणि हो, प्लास्टिकच्या पट्ट्या. या काळात, या वर्गातल्या बाईच्या कपड्याला सगळीकडे पट्ट्या घालण्याचं कारण नाही. १५६२ मध्ये वारलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलेओनोरा दि तोलेदोच्या दफनवस्त्रांत मखमली बॉडिस सापडला, त्यातही पट्ट्या नाहीत, तो पुढे हुकांनी बंद होतो. पट्ट्यांनी ताठ केलेला, आजवर टिकलेला प्रसिद्ध नमुना जर्मनीतला, १५९८ चा. म्हणून तुम्ही फक्त पुढच्या दोन कडांना प्रत्येकी दोन पट्ट्या घाला, भोकांच्या रांगेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. त्याने दोरी ओढल्यावर कड चुरगळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले आठ मिलिमीटर रुंदीचे जाड केबल-टाय कापून, टोकं घासून गोल केलेले चांगले चालतात. टोकं घासली नाहीत तर ती एका दिवसात अस्तर फाडून बाहेर येतात.

भोकं हाताने करा. धातूचं आयलेट बसवताना कापडातले धागे तुटतात आणि तुटलेले धागे ताण घेऊ शकत नाहीत. म्हणून तुमची निघून आली. आरीने किंवा जाड दाभणाने भोक पाडलं तर धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात. चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा, मेण लावलेल्या लिनन दोऱ्याने सोळा ते वीस टाके गोल फिरवून घट्ट ओढा आणि मधे एकदा पुन्हा आरी घाला, कारण भोक मिटू पाहतं. भोकं कडेपासून एक सेंटीमीटर आत, एकमेकांपासून सव्वादोन ते अडीच सेंटीमीटरवर. एका भोकाला सुरुवातीला दहा-बारा मिनिटं लागतात, पुढच्या दोन्ही कडांना मिळून तीस भोकं झाली तर पाच-सहा तास धरा.

दोरी बुटासारखी दोन टोकांनी गुंफायची नाही. त्या काळी एकाच टोकाने सर्पिल ओवत. त्यासाठी डाव्या-उजव्या रांगेतली भोकं समोरासमोर नसतात, एक रांग अर्ध्या अंतराने खाली सरकवलेली असते, फक्त सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची जोडी समोरासमोर. भोकं समोरासमोर ठेवून सर्पिल ओवलंत तर एक बाजू वर आणि दुसरी खाली सरकते आणि गळा वाकडा दिसतो. कापायच्या आधी खडूने दोन्ही रांगा आखून मोजा, इथे घाईत हमखास चुकतं. दोरी सुमारे अडीच मीटर, टोकाला धातूची टोपी.

घागऱ्याला फार वेळ लागत नाही. वर ३५ आणि खाली ७५ सेंटीमीटर रुंद असे चार तुकडे कापा, एक सुलटा आणि एक उलटा शेजारी ठेवून, म्हणजे कापड वाया जात नाही. लव एकाच दिशेने असलेलं कापड असेल तर असं करू नका, दर दुसरा तुकडा वेगळ्या छटेचा दिसेल. पुढचे दहा-बारा सेंटीमीटर सपाट ठेवा, निऱ्या बाजूला आणि पाठीमागे. पुढे कमरेखाली २० सेंटीमीटर चीर ठेवा, नाहीतर अंगात जाणार नाही. बॉडिसची खालची कड आधी पूर्ण करून घ्या आणि मग घागरा तिला हाताने, जवळजवळच्या टाक्यांनी जोडा. पुढे कधी धुवायला किंवा दुरुस्त करायला वेगळा करता येतो.

खालची कड लगेच दुमडू नका. घागरा दोन दिवस टांगून ठेवा. तिरक्या धाग्यावरचं कापड लोंबतं आणि घेर वाकडा होतो. मग समतल कापा. जमिनीपासून पाच ते सात सेंटीमीटर वर, कारण मेळ्याचं मैदान मातीचं असतं आणि पाऊस झाला की चिखल. आतून दहा सेंटीमीटरची लिननची पट्टी लावा, आपण साडीला फॉल लावतो तशीच आणि त्याच कारणासाठी. झिजली की ती बदलायची.

पार्टलेट, ॲप्रन, डोक्याचं कापड हे सगळं मिळून एक वीकएंड. तरी ते वगळू नका. कर्टल उत्तम शिवला पण डोकं उघडं आणि ॲप्रन नाही, तर पाहणाऱ्याला काळ कळत नाही. पार्टलेटला काळी हलकी लोकर अर्धा मीटर, काखेखाली टाचणीने अडकवायचा. मान आणि खांदे उन्हापासून वाचतात. ॲप्रन म्हणजे ८० बाय ९० चं लिनन आणि वर बंद. फोन, पैसे, चावी यांसाठी कमरेला लोंबणारी कापडी पिशवी करा, घागऱ्यात शिवलेला खिसा वजनाने निऱ्या खाली ओढतो.

वेळेचा हिशेब: पहिला आठवडा स्मॉक, दुसरा-तिसरा माप, चौथा-पाचवा बॉडिस आणि भोकं, सहावा घागरा, सातवा बाकीच्या वस्तू. आठव्यात सगळं घालून घरात दिवसभर वावरा, स्वयंपाक करा, गाडी चालवून पाहा. टाके सुटायचे तर ते घरीच सुटू देत. आतल्या लपलेल्या शिवणी मशीनने खुशाल घाला, दिसणारे टाके तेवढे हाताने.

सॅटिनचा बॉडिस लगेच उसवू नका. आधी तो इलास्टिक बांधून घाला आणि खडूने त्यावरच खरी कंबर, काखेची जागा, पट्टी खांद्यावर जिथे राहायला हवी ती रेघ आणि वळ्या कुठे सुरू होतात ते आखा. पुढच्या कडा किती सेंटीमीटर ओढल्या की वळ्या जातात तेही लिहून ठेवा. मग उसवा, इस्त्री करा आणि त्या खुणा मांजरपाटावर उतरवा. पहिल्या मापाच्या निम्म्या फेऱ्या त्यानेच वाचतील. दुसऱ्या फेरीनंतरही पट्ट्या घसरत असतील, तर पुढून, पाठीमागून आणि हात वर करून बाजूने असे तीन फोटो टाका. शिवणी कुठे हलवायच्या ते त्यावरून सांगता येईल.